राखणीचं जनावर दिवेलागणीआधी आत घ्या

शिरूर-दौंडकरांनो, दोन मिनिटं थांबा आणि हे वाचा.

शेजारचं घर लग्नाला गेलंय. रांजणगावच्या कंपनीतलं कुटुंब आठ दिवस गावी गेलंय. जाताना कुत्रं, मांजर, गोठ्यातल्या दोन शेळ्या तुमच्या हवाली करून गेलंय. कुणी शेजारधर्म म्हणून हे करता, कुणी रोजाचे पैसे ठरवून. शिक्रापूर, सणसवाडीकडच्या सोसायट्यांमुळं आता हा अनेक पोरांचा कामधंदाही होतोय. चांगलं काम आहे, करा. पण किल्ली हातात घेतली की त्या जिवाची रात्रही तुमच्याकडं आली. आपल्याकडची रात्र आता पूर्वीची राहिलेली नाही.

पिंपरखेड आणि जांबूत आठवा. १२ ऑक्टोबर २०२५ ला पिंपरखेडला पाच वर्षांची मुलगी बिबट्यानं नेली. दहा दिवसांनी जांबूतला एक आजी गेल्या. २ नोव्हेंबरला पुन्हा पिंपरखेड, तेरा वर्षांचा मुलगा. तीन आठवड्यांत तीन घरांतला दिवा विझला. त्यानंतर तिथली माणसं गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून रानात जाऊ लागली. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात घालतात, तसला पट्टा. माणसांवर ही वेळ आली.

कुत्र्या-मांजराच्या राखणीचा याच्याशी काय संबंध, असं वाटेल. फार जवळचा आहे. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तपासली. बिबट्याच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. त्याखालोखाल मांजरं. म्हणजे अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं घराची राखण करत नाही. ते बिबट्याला उंबऱ्यापर्यंत बोलावतं. आणि त्याच उंबऱ्याशी संध्याकाळी लेकरं खेळत असतात.

म्हणून पहिली गोष्ट ही करा. सूर्य मावळायच्या आत जनावर आत घ्या. पडवीत नाही, ओट्यावर नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखाली तर नाहीच. चार भिंती, डोक्यावर छप्पर आणि आतून कडी लागणारं दार, अशा जागी घ्या. मालक म्हणेल, “आमचा वाघ्या बाहेरच झोपतो हो, त्याला सवय आहे.” तुम्ही सांगा, “माझ्याकडं असेपर्यंत तो आतच झोपेल, दादा.” हे जनावर ताब्यात घ्यायच्या आधी सांगा. पटलं नाही तर काम घेऊ नका. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही, हे विसरू नका.

शेळ्या-करडांचंही तेच. कंबरेएवढी भिंत आणि वर मोकळं आभाळ, याला गोठा म्हणू नका. बिबट्या तोंडात शिकार धरून झाडावर चढतो. त्याला तुमचं कुंपण कितीसं अवघड? चारही बाजूंनी जाळी हवी, वरूनही हवी. दार सुतळीनं बांधू नका, कडी-कोयंडा लावा. मालक घरी असतानाच एक चक्कर मारा आणि हे डोळ्यांनी बघून घ्या. जाळी फाटलेली असेल तर त्याच दिवशी त्याच्याकडून बांधून घ्या. नंतर फोनवर होत नाही ते.

आता एक सांगतो, कृपा करून मनावर घ्या. आपल्याकडं सहज म्हटलं जातं, “जा रे बाळा, काकांच्या कुत्र्याला भाकरी टाकून ये.” हे बंद करा. आजपासून बंद करा. तिन्हीसांजेला, पहाटे, उसाच्या कडेनं लेकराला एकटं धाडू नका. काम तुम्ही घेतलंय, तुम्ही जा. उजेडात जा. उशीर झालाच तर कुणाला तरी सोबत घ्या, हातात बॅटरी आणि काठी ठेवा, मोठ्यानं बोलत चला. वाकून किंवा उकिडवं बसून जनावराशी खेळत राहू नका. बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो.

तोडणी सुरू झाली की धोका आणखी वाढतो. भीमा, घोड, कुकडीच्या काठचा ऊस हेच बिबट्याच्या मादीचं घर आहे. पिल्लं त्यातच जन्मतात. फड मोकळा झाला की ती दुसरा आडोसा शोधते, आणि तो तुमच्या राखणीतल्या घरामागचा असू शकतो. तिथं मटणाची हाडं, कोंबड्यांची घाण टाकू नका. त्यावर भटकी कुत्री जमतात, कुत्र्यांमागं तो येतो. घरामागचं गवत काढायला मालकाला सांगा. अंगणातला दिवा रात्रभर चालू ठेवा.

एवढं करूनही घाला पडला तर उसात धावू नका. जीव कितीही तळमळला तरी धावू नका. वन विभागाला १९२६ वर फोन करा. शेळी किंवा वासरू मेलं असेल तर पंचनामा होईपर्यंत हलवू नका, त्या घराची नुकसानभरपाई त्यावर अवलंबून आहे. जनावर जखमी असेल तर नुसती हळद भरून सकाळची वाट बघू नका, १९६२ वर पशुवैद्यकीय मदत मागा. आणि मालकाला लगेच, खरं ते सांगा.

घाबरलेलं, जखमी कुत्रं ओळखीच्या हातालाही चावतं. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, रेबीजच्या लसीच्या सगळ्या तारखा पाळा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस हाताला लागत नाही. म्हणूनच जनावर घेताना त्याचं लसीकरणाचं कार्ड मागून घ्या. मालकाचा फोन, त्याच्या डॉक्टरांचा फोन, जनावर काय खातं, कशाला बिचकतं, सगळं वहीत लिहा. मागायला संकोच करू नका. ज्याला आपल्या जनावराची माया आहे, त्याला तुमची चौकशी बरीच वाटेल.

तुम्ही भरवशाची माणसं आहातच, एरवी कुणी तुमच्या हाती किल्ली दिली नसती. दिवस कलला असेल तर हा कागद बाजूला ठेवा. उठा. शेजारच्या अंगणातली साखळी सोडा, कुत्र्याला आत घ्या, कडी लावा. आणि वाटेत ओट्यावर पोरं दिसली तर त्यांनाही घरात हाका मारा.