अनुक्ताची चिंता

आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं वार्तिककाराचें काम तीन शब्दांत सांगून ठेविलें आहे. सूत्रकारानें जें सांगितलें तें उक्त, जें सांगावयाचें राहिलें तें अनुक्त, आणि जें सदोष सांगितलें गेलें तें दुरुक्त. या तिहींचा विचार करणें हें वार्तिककाराचें कर्तव्य होय. कात्यायनानें पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिकें लिहिलीं तीं याच दृष्टीनें. व्याकरणाचें अध्ययन आतां फार थोड्या घरांत राहिलें आहे. परंतु परीक्षणाची ही त्रिविध रीत एका अगदीं नव्या शास्त्रांत, त्या शास्त्राच्या बहुतेक लोकांना कात्यायनाचें नांवहि ठाऊक नसतां, नित्य पाळली जात आहे.

आज पुष्कळ मराठी घरांतील मुलगे, मुली व सुना संगणकाच्या धंद्यांत आहेत. दिवसभर काय करतां, असें वडील माणसांनीं विचारलें तर “कोड लिहितों” एवढेंच उत्तर मिळतें. तें अर्धें खरें आहे. ह्या धंद्यांत लिहिण्याइतकेंच महत्त्व दुसऱ्यानें लिहिलेलें तपासण्यास आहे, आणि पुष्कळदां तेंच काम अधिक कठीण असतें. तें कठीण कां, हें सामान्य वाचकास कळावें म्हणून आज एकच उदाहरण घेऊन तें शेवटपर्यंत पाहण्याचें योजिलें आहे. उदाहरण लिनक्स नांवाच्या कर्नलचें आहे. कर्नल हा संगणकाचा मुख्य कारभारी. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर केव्हां द्यावयाचा आणि मेमरी किती द्यावयाची, हें तो ठरवितो. लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं हें काम आरंभिलें. आज अँड्रॉइड फोनांतहि हाच कारभारी बसलेला आहे. त्यांत दुरुस्ती कोणासहि सुचवितां येते. मात्र जबाबदार मंडळींनीं ती वाचून पारखल्यावांचून तिचा स्वीकार होत नाहीं.

प्रोसेसरच्या पोटांत रजिस्टर नांवाचे कप्पे असतात व चालूं हिशेबाचे आंकडे त्यांत ठेविलेले असतात. प्रोसेसर थोडे आणि प्रोग्रॅम शेंकडों, म्हणून कर्नल प्रत्येकास क्षणभर बसवितो व उठवितो. वाचकांनीं दोन पाळ्यांच्या शाळेंतील फळा डोळ्यांपुढें आणावा. सकाळच्या वर्गाचें गणित अर्धें राहिलें असेल, तर फळ्यावर असेल तेवढें सर्व वहींत उतरवून घ्यावयाचें. दुपारच्या वर्गानें आपल्या वहींतील मजकूर त्याच फळ्यावर मांडून पुढें चालावयाचें. फळा म्हणजे रजिस्टरें, आणि वही म्हणजे मेमरींतील ती राखीव जागा, जिला बफर म्हणतात. यांत दोन अपघात संभवतात. वही फळ्याहून लहान निघाली, तर लिहिणारा शेजाऱ्याच्या वहींत लिहीत सुटतो. आणि दुपारच्या वर्गाचा मजकूर फळ्यावर नीट चढलाच नाहीं, तर सकाळच्या वर्गाचें गणित त्यास आयतें वाचावयास मिळतें. आपले पैशांचे व्यवहार ज्या गुप्त किल्ल्यांनीं सुरक्षित राहतात, त्या किल्ल्याहि याच रजिस्टरांतून जात असतात. यावरून ह्या अपघाताचें गांभीर्य ध्यानांत येईल.

आतां हा फळा कसकसा वाढत गेला तें पाहूं. इंटेलच्या घराण्यांतील प्रोसेसरांत अपूर्णांकांचें गणित करणारा जो जुना भाग होता, त्याचा सर्व मजकूर १०८ बाइटांत मावत असे; एक बाइट म्हणजे रोमन लिपींतील एक अक्षर मावेल एवढी जागा. पुढें वही ५१२ बाइटांची झाली. २०११ सालीं एव्हीएक्स नांवाचीं रुंद रजिस्टरें बाजारांत आलीं, तेव्हां ती ८३२ वर गेली. एव्हीएक्स-५१२ नें तिला अडीच हजारांच्या पुढें नेलें. त्यानंतर मॅट्रिक्स नांवाच्या अंककोष्टकांचे गुणाकार वेगानें करण्यासाठीं इंटेलनें २०२० सालीं एएमएक्स ही योजना जाहीर केली. तींत आठ पाट्या आहेत; प्रत्येक पाटीवर सोळा ओळी, आणि प्रत्येक ओळींत ६४ बाइट. म्हणजे नुसत्या पाट्यांचेच ८,१९२ बाइट झाले, आणि पूर्वीचें सर्व धरून वही ११,००८ बाइटांची झाली.

सर्वांनाच एवढी वही देऊन टाकावी, हा सोपा मार्ग. पण एका यंत्रावर थ्रेड, म्हणजे कामाचे स्वतंत्र धागे, हजारोंनीं असूं शकतात, आणि त्यांतील बहुतेकांना ह्या पाट्यांस कधीं हातहि लावावयाचा नसतो. म्हणून जानेवारी २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ५.१६ या आवृत्तींत निराळी व्यवस्था आली. आरंभीं प्रत्येकास लहान वही. ज्यास पाट्या हव्या असतील त्यानें आधीं कर्नलचा परवाना मागावयाचा. पुढें तो पहिल्यांदा पाटीस हात लावतो, तेव्हां प्रोसेसर त्याचा हात धरून कर्नलला हांक मारतो. कर्नल परवाना पाहतो, मोठी वही आणून देतो, आणि काम पुढें चालतें. परवाना नसेल, किंवा वहीपुरती मेमरी शिल्लक नसेल, तर त्या प्रोग्रॅमला निर्वाणीचा सिग्नल मिळतो व बहुधा त्याचें काम तेथेंच संपतें. पूर्वीं वहीचें माप यंत्र सुरू होतांना एकदां ठरे व सर्वांस तेंच लागू पडे. आतां तें धाग्यागणिक निराळें असूं शकतें, इतकेंच नव्हे तर एकाच धाग्याच्या आयुष्यांत बदलूंहि शकतें. असा कोड तपासावयास बसणाऱ्यानें काय काय पाहावें?

प्रथम उक्त. वही केवढी हवी हें विचारल्यास प्रोसेसर स्वतः सांगतो. परंतु कर्नल त्याच्या एकट्याच्या शब्दावर विसंबत नाहीं. निरनिराळ्या भागांचीं मापें घेऊन तो आपली बेरीज स्वतंत्र करतो, आणि दोन आंकडे जुळले नाहींत तर ती सोय चालूंच करीत नाहीं. घरचा जमाखर्च दोघांनीं वेगळा मांडून रात्रीं ताळा पाहावा, तसाच हा प्रकार आहे. परीक्षकानें तो ताळा नव्या भागालाहि लावला आहे ना, हें पाहावयाचें.

दुसरें दुरुक्त. येथें माप एक नसून दोन आहेत. कर्नल स्वतःपुरता मजकूर दाटीनें, मधल्या रिकाम्या जागा गाळून, लिहूं शकतो. तोच मजकूर प्रोग्रॅमला दाखवावयाचा झाल्यास ठरलेल्या रकान्यांत मांडावा लागतो. हीं दोन मापें दोन निराळ्या नांवांनीं जपलेलीं असतात. एकाच्या जागीं दुसरें पडलें तरी वाक्य व्याकरणानें शुद्धच राहतें व कंपायलर चकार शब्द काढीत नाहीं. शिवाय वहीचा आरंभ ६४ नें भाग जाणाऱ्या पत्त्यावरच व्हावा लागतो. लहान वही जाऊन मोठी येतांना क्रमहि सांभाळावा लागतो: जुन्या वहींत असलेला मजकूर आधीं फळ्यावर आणावयाचा, मग वह्यांची अदलाबदल करावयाची; कारण दोहोंची आंखणी सारखी असेलच असें नाहीं. हे दोष बारीक खरे, पण त्या त्या ओळीवर बोट ठेवून दाखवितां येतात.

खरी कसोटी अनुक्ताची. कर्नलला एखाद्या चालूं प्रोग्रॅमला तातडीची वर्दी द्यावयाची असते, तिला सिग्नल म्हणतात. ती देतांना फळ्यावरचा मजकूर कर्नल त्या प्रोग्रॅमच्याच मेमरींत, स्टॅकवर, उतरवून ठेवतो. या कामासाठीं प्रोग्रॅमला निराळी जागा राखतां येते, आणि ती कमींत कमी २,०४८ बाइटांची असावी असा आंकडा फार पूर्वींच ठरून गेला होता. प्रोग्रॅम तयार होतांनाच तो आंकडा त्यांत कोरला जाई. एव्हीएक्स-५१२ आलें आणि फळ्यावरचा मजकूरच त्याहून मोठा झाला. नव्या रजिस्टरांचा कोड लिहिणाऱ्याची ओळ शुद्ध होती, आणि पूर्वीं २,०४८ बाइट राखणाऱ्याचीहि शुद्ध होती. तरी वर्दी येतांच मजकूर राखलेल्या जागेबाहेर सांडून शेजारची मेमरी बिघडूं शकत होती. ऑगस्ट २०२१ मध्यें आलेल्या लिनक्स ५.१४ नें लिहिण्यापूर्वीं जागा पुरते कीं नाहीं हें पाहावयास, आणि खरें माप प्रोग्रॅमला आरंभींच कळवावयास सुरुवात केली. त्याच महिन्यांत ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.३४ या आवृत्तीनें कोरीव आंकड्याऐवजीं विचारून घ्यावयाच्या मापाची सोय केली. पुढें ५.१६ मध्यें, राखलेली जागा अपुरी दिसल्यास पाट्यांचा परवानाच नाकारावा, असें ठरलें.

दुसरें अनुक्त वारशाचें. एखादा प्रोग्रॅम आपली प्रत काढतो तेव्हां बापाची वही मुलास नकलून द्यावयाची असते. बापाची वही मोठी झालेली, मुलाची अजून लहान. जुन्या संवयीनें सबंध वही नकलली तर मुलाच्या हद्दीबाहेर लिहिलें जाईल. कर्नलनें याचा निवाडा असा केला आहे कीं परवाना मुलाकडे जातो, पाट्यांवरील मजकूर जात नाहीं. मुलानें लहान वहीनेंच आरंभ करावा.

तिसरें, वही परक्या हातून परत येते तेव्हांचें. दोष शोधणाऱ्या प्रोग्रॅमला पीट्रेस या सोयीनें दुसऱ्याच्या वहींत लिहितां येतें. वहींत ६४ बाइटांचें एक सूचिपत्र असतें. कोणते भाग भरलेले आहेत तें त्यावर खुणांनीं दाखविलेलें असतें, व कांहीं खुणा राखीव असतात. २०१७ सालीं असें आढळून आलें कीं कोणीं त्या राखीव खुणा मुद्दाम भरल्या, तर कांहीं प्रोसेसरांवर मजकूर फळ्यावर चढविण्याची आज्ञाच फसे, आणि आधींच्या प्रोग्रॅमचीं रजिस्टरें भलत्यालाच वाचावयास मिळत. सीव्हीई-२०१७-१५५३७ या क्रमांकानें हा दोष नोंदला गेला, ४.१३.५ या आवृत्तींत तो दुरुस्त झाला. सूचिपत्र तपासल्यावांचून वही स्वीकारूं नये, हें वाक्य त्या ठिकाणीं लिहावयाचें राहून गेलें होतें.

या सर्वांतून परीक्षकाच्या हातीं एकच प्रश्न येतो, आणि तो त्यानें प्रत्येक ठिकाणीं विचारावयाचा: हें माप कोणीं ठरविलें, केव्हां ठरविलें, आणि कोणाच्या वहीसाठीं? जागा देतांना, लिहितांना आणि परत वाचतांना उत्तर एकच येत असेल तर ओळ पुढें जाऊं द्यावी. दुरुस्तींत नवीन काय आलें तेवढेंच वाचून हें समजत नाहीं. जुनें माप गृहीत धरून बसलेल्या ज्या ओळींस कोणीं हात लावलेला नाहीं, त्या शोधून काढाव्या लागतात. थॉमस ग्लाइक्स्नर आदि मंडळींनीं २०२१ सालीं नव्या पाट्या आणण्यापूर्वीं हा सर्व जुना भाग झाडून काढला व विखुरलेलीं मापें एका ठिकाणीं बांधलीं, तें याचसाठीं.

एकत्र कुटुंबास हें नवीन नाहीं. घरांत दोन माणसें वाढलीं कीं तांदळाचें माप दुसऱ्याच दिवशीं वाढतें, कारण तें रोज हातीं येतें. पाण्याची टांकी, औषधांची पेटी, अडीअडचणीसाठीं बाजूस ठेविलेली रक्कम यांचीं मापें मात्र जुन्या माणसांच्या संख्येवर तशींच राहतात आणि अडचणीच्या रात्रींच आठवतात. तेव्हां आपल्या घरांतील एखादी मुलगी दिवसभर दुसऱ्याचा कोड वाचून संध्याकाळीं “आज एकहि ओळ लिहिली नाहीं” असें म्हणाली, तर तिचा दिवस फुकट गेला असें समजूं नये. जी ओळ लिहावयाची राहिली होती ती कदाचित् तिला सांपडली असेल.