डोके, मान व मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णांना जयनगर परिसरात सलग तातडीची सेवा मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक शासन, बंगळूर.

विषय : अपघातस्थळापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत रुग्णाची हलवाहलव सुरक्षित व्हावी आणि जयनगर परिसरातील रुग्णालयांत समन्वय असावा, याबाबत.

महोदय,

आम्ही जयनगर, तिलकनगर, बैरसंद्रा आणि लगतच्या भागांत राहणारी मराठी भाषक कुटुंबे आहोत. आमच्यापैकी काहींची घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तर काहीजण नोकरीधंद्यानिमित्त येऊन इथलेच झालो आहोत. या निवेदनाची कन्नड प्रत सोबत जोडली आहे.

आमच्या परिसराचे भाग्य मोठे आहे. २०१२ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरलेली निम्हान्स इथून हाकेच्या अंतरावर आहे. अपघात व अस्थिरोगांसाठीची संजय गांधी संस्था जयनगर पूर्वेला आहे आणि चौथ्या ब्लॉकजवळ जयनगर जनरल रुग्णालय आहे. मेंदू, हाडे आणि सर्वसाधारण उपचार अशी तिन्हींची कामे वाटलेली आहेत. दुचाकीवरून पडलेल्या माणसाची दुखापत मात्र अशी वाटून येत नाही. डोक्याला मार, मानेचा मणका सरकलेला, मांडीचे हाड मोडलेले आणि पोटात रक्तस्राव हे सारे एकाच शरीरात, एकाच वेळी असते. अशा रुग्णाला आधी कुठे न्यायचे हे रस्त्यावर उभ्या असलेल्या नातेवाइकाने ठरवायचे आणि एका दारातून दुसऱ्या दारी त्यानेच न्यायचे, ही स्थिती बदलावी, एवढ्यासाठी हे निवेदन आहे.

अपघातानंतर रस्त्यावर काय होते ते आपल्यासमोर ठेवतो. माणूस पडतो, गर्दी जमते. कुणी हेल्मेट ओढून काढतो. कुणी तोंडाला पाण्याची बाटली लावतो. दोघे काखेत हात घालून त्याला उचलतात आणि रिक्षात कोंबतात. सीट आखूड असल्याने पाय दुमडले जातात, मान छातीवर लोंबते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक डोके हलत राहते. मदत करणाऱ्यांच्या मनात माणुसकीच असते. पण मानेचा मणका मोडलेला असेल, तर याच हलवाहलवीत मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय कायमचे जाऊ शकतात. शुद्ध हरपलेल्याच्या घशात पाणी गेले तर ते फुप्फुसात उतरते. मान पुढे झुकली की श्वासाची वाट बंद होते. जखमी मेंदूला प्राणवायू कमी पडणे आणि रक्तदाब घसरणे या दोन गोष्टी मूळ माराइतक्याच घातक ठरतात. त्या टाळण्यासाठी लागणारी साधने आणि हात घटनास्थळीच हवेत.

दुसरा धोका उशिराचा. डोक्याला मार लागलेला माणूस काही वेळ नीट बोलतो, "मला काही झाले नाही" म्हणतो आणि घरी जाऊन झोपतो. कवटीच्या आत साचणारे रक्त तेवढ्या वेळात मेंदूवर दाब वाढवत असते. जयनगरमध्ये ज्येष्ठांची वस्ती मोठी आहे. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या आणि हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांना हा धोका अधिक असतो. दुचाकीच्या अपघाताइतकेच गांभीर्य त्यांच्या पडण्यालाही मिळाले पाहिजे.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले की, जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबता कामा नयेत. मदतकर्त्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला, म्हणजे गोल्डन अवरला, कायद्यात स्थान मिळाले. नेलमंगलजवळच्या अपघातात मरणासन्न अवस्थेतही अवयवदानाची इच्छा बोलून दाखवणाऱ्या हरीश या तरुणाच्या नावाने आपल्या राज्याने २०१६ मध्ये सांत्वन योजना आणली. पहिल्या ४८ तासांच्या उपचारांसाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदत देणारी ही योजना होती. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. आता या तरतुदी रुग्णवाहिकेत आणि अपघात विभागाच्या दारात प्रत्यक्ष दिसायला हव्यात.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. परिसरातील प्रत्येक १०८ रुग्णवाहिकेत सर्व मापांच्या मानेच्या कॉलर, डोके स्थिर ठेवणाऱ्या ठोकळ्यांसह स्पाइन बोर्ड, प्राणवायू, सक्शन यंत्र आणि ऑक्सिमीटर चालू स्थितीत असावेत. त्यांची दरमहा तपासणी व्हावी. कर्मचाऱ्यांना रुग्ण एकसंध कुशीवर वळवण्याचा आणि मान न वाकवता जबडा पुढे घेऊन श्वासमार्ग मोकळा करण्याचा सराव नियमित द्यावा.

२. तिन्ही रुग्णालये आणि १०८ सेवा यांच्यासाठी एक सामाईक समन्वय कक्ष चोवीस तास चालावा. खाट, सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन कुठे उपलब्ध आहेत हे रुग्णवाहिका निघतानाच कळावे आणि रुग्ण पोहोचण्यापूर्वी तिथले पथक तयार असावे.

३. रुग्ण दारात आल्यावर श्वास, रक्तस्राव आणि मान सांभाळल्याशिवाय कोणत्याही रुग्णालयाने त्याला पुढे पाठवू नये. पुढे पाठवायचे झाल्यास घेणाऱ्या डॉक्टरशी पाठवणाऱ्या डॉक्टरनेच बोलावे. ती धावपळ नातेवाइकांवर टाकू नये.

४. "हेड इंज्युरी, रेफर्ड" एवढ्या तीन शब्दांची चिठ्ठी बंद व्हावी. त्याऐवजी एक पानाचा ठरावीक नमुना असावा. त्यात दुखापतीची वेळ, ग्लासगो कोमा स्केलचे डोळे, बोलणे व हालचाल यांचे वेगवेगळे गुण, बाहुल्यांची स्थिती, चारही हातापायांची हालचाल, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण आणि दिलेली औषधे यांची नोंद असावी. पंधरापैकी आठ किंवा त्याहून कमी गुण असलेल्या रुग्णासोबत श्वासमार्ग सांभाळू शकणारा डॉक्टर किंवा प्रशिक्षित कर्मचारी असावा. सीटीच्या प्रतिमा रुग्णाच्या आधी पोहोचाव्यात.

५. जयनगर जनरल रुग्णालयात रात्री व सुट्टीच्या दिवशीही सीटी स्कॅन आणि त्याचा अहवाल अखंड मिळेल, अशी लेखी हमी द्यावी.

६. सध्या लागू असलेल्या मदत योजनांची आणि मदतकर्त्याला मिळणाऱ्या संरक्षणाची माहिती प्रत्येक सरकारी व खासगी अपघात विभागाच्या दर्शनी भागात कन्नडसह इतर भाषांत लावावी. अनामत रकमेसाठी प्राथमिक उपचार अडवल्यास तक्रार कुणाकडे करायची, त्या अधिकाऱ्याचे पद व क्रमांक तिथेच असावेत.

७. रिक्षाचालक, वाहतूक पोलीस, बीएमटीसी व मेट्रोचे कर्मचारी आणि शाळांतील शिक्षक यांना प्रात्यक्षिकासह प्रशिक्षण द्यावे. धोका नसेल तर जखमीला हलवू नये. हेल्मेट काढावेच लागले, तर एकाने मान धरून दुसऱ्याने कसे काढावे, हे त्यांनी हाताने करून पाहिलेले असावे.

८. मज्जारज्जूच्या रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी कुशी बदलणे, अंथरुणातील व्रण टाळणे आणि लघवीच्या नळीची काळजी हे सारे कुटुंबाला शिकवावे. फिजिओथेरपी घराजवळ मिळावी.

९. फोन केल्यापासून रुग्णवाहिका, रुग्णालय आणि सीटीपर्यंत किती वेळ लागला, तसेच किती रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले, याची आकडेवारी दर तिमाहीला प्रसिद्ध करावी. रुग्णांची ओळख अर्थातच गुप्त ठेवावी.

यातील बहुतेक मागण्यांना नवी इमारत लागत नाही. तज्ज्ञ इथे आहेत, संस्था इथे आहेत. त्यांना जोडण्याचा अधिकार आणि जबाबदारी एका अधिकाऱ्याकडे सोपवावी लागेल, आणि तो निर्णय केवळ शासनच घेऊ शकते. आमच्या बाजूने प्रशिक्षण शिबिरांसाठी जागा, स्वयंसेवक आणि मराठी-कन्नड साहित्य तयार करण्याचे काम आम्ही आनंदाने उचलू.

तरी या निवेदनावर तीस दिवसांच्या आत तिन्ही रुग्णालये, १०८ सेवा, वाहतूक पोलीस आणि रहिवासी यांची संयुक्त बैठक बोलवावी आणि कोणते काम कोण, कोणत्या मुदतीत करणार, हे आम्हांस लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विनीत,
जयनगर परिसरातील मराठी रहिवासी
(स्वाक्षऱ्यांची यादी सोबत)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
१. मा. संचालक, निम्हान्स, बंगळूर
२. मा. संचालक, संजय गांधी अपघात व अस्थिरोग संस्था, बंगळूर
३. मा. वैद्यकीय अधीक्षक, जयनगर जनरल रुग्णालय
४. मा. वाहतूक पोलीस प्रमुख, बंगळूर शहर