तीन उद्गारचिन्हं

"मोटरसायकल चालवायला मोरोक्कोला? का, इथले रस्ते संपले का?"

हा प्रश्न बाबांचा. स्थळ, नांदेडचं घर. वेळ, रात्रीच्या जेवणाची. मी घास हातातच ठेवला आणि प्रेझेंटेशन सुरू केलं. क्लायंटला पटवायचा सहा वर्षांचा अनुभव आहे हो गाठीशी! पण एसटीत बत्तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसापुढे स्लाइड्स चालत नाहीत, हे त्या रात्री कळलं. त्यांनी एकच आकडा विचारला. मी सांगितला. "तेवढ्यात एकरभर रान आलं असतं," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

तर मंडळी, बातमी अशी. येत्या सप्टेंबरअखेरीस मी सहाराच्या वाळूत रॅली करायला चाललोय. पहिलीच. पाच दिवस, रोज दोनशे ते तीनशे किलोमीटर, मेरझुगा गावाच्या आसपास. तिथल्या एर्ग चेबीच्या टेकड्या म्हणजे दीडशे मीटरपर्यंत उंच नुसती वाळू. बाइक भाड्याची, साडेचारशे सीसीची, टाक्या भरल्यावर दीडशे किलोच्या पुढे. फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे पैसे त्यात गेले, हे आईला अजून नीटसं माहीत नाही. हा अंक तिच्या हाती पडू नये, एवढीच प्रार्थना.

पुण्यातल्या ऑफिसात मात्र मी 'डाकार'ला चाललोय अशी अफवा आहे. छे हो! डाकारला असं उठून जाता येत नाही. आधी मान्यता असलेल्या दुसऱ्या एखाद्या रॅलीत स्वतःला सिद्ध करावं लागतं. १९७८च्या डिसेंबरात पॅरिसहून पहिल्यांदा सुटलेली ही रॅली २००९ ते २०१९ दक्षिण अमेरिकेत होती आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरते. ती पूर्ण करणारा पहिला भारतीय म्हणजे सी. एस. संतोष. २०१५ साली, छत्तिसावा नंबर. केरळच्या हरित नोआनं २०२४ मध्ये रॅली-टू हा गटच जिंकला. आपली मराठी माणसंही आहेत. मर्चंट नेव्हीतला आशिष रावराणे २०२१ मध्ये कुठल्याही कंपनीच्या टीमशिवाय, स्वतःच्या हिमतीवर डाकारला उतरला. पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये 'डाकार क्लासिक'ला चारचाकी घेऊन गेले. मी या यादीत कुठेच नाही. मी आपला बालवाडीत नाव घातलेला मुलगा.

मग तयारी कुठं करायची? मित्र म्हणाले जैसलमेर. मी म्हटलं, मराठवाडा आहे ना! बॉसकडून मे महिन्यात तीन आठवडे नांदेडहून काम करायची परवानगी काढली. सकाळी अकराच्या आत बाइक, मग लॅपटॉप. नांदेड-लातूरचा मे म्हणजे चाळिशीच्या वरचा पारा, आणि लातूरजवळ मामांच्या गावाला मांजरेचं कोरडं पात्र. वाळू आणि ऊन, दोन्ही फुकट.

उन्हाबद्दल एक खरी गोष्ट सांगतो. दहा-बारा दिवस रोज उन्हात कष्ट केले की शरीर सरावतं. घाम लवकर सुटायला लागतो, धडधड कमी होते. पण ही सवय दोन-चार आठवड्यांत उतरतेही. म्हणजे मे महिन्यातलं नांदेड सप्टेंबरात कामाला येणार नाही, जायच्या आधी पुन्हा तापावं लागेल. मग आत्ता मिळालं काय? एवढंच की उन्हात आपलं डोकं कधी बंद पडतं, ते कळलं. माझं एक तास चाळीस मिनिटांनी पडतं. त्यानंतर मी डावीकडे लिहिलेलं असताना उजवीकडे वळतो.

पाण्याचंही तसंच. वाळवंटात पाठीवरच्या पिशवीत तीन लिटर पाणी घेऊन निघायचं. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, घामातून मीठही जातं. म्हणून आई लिंबू, मीठ, साखर घालून देते. आणि तीन लिटर म्हणजे काय, हे लातूरकराला वेगळं सांगायला नको. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं इथं. मामी अजूनही पाहुण्याला अर्धाच ग्लास भरून देते. लागलं तर मागा म्हणते. पाणी पुरवून कसं प्यायचं, हे मी तिच्याकडून शिकतोय.

आता मुख्य मुद्दा. तुम्हाला वाटत असेल, रॅली म्हणजे वेग. मलाही वाटायचं. पण खरी परीक्षा असते वाचनाची! हॅंडलवर एका डबीत कागदाची गुंडाळी असते. तिचं नाव रोडबुक. डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं की ती पुढे सरकते. प्रत्येक ओळीत तीन खाने. पहिल्यात अंतर, मधल्यात वळणाचं छोटं चित्र, तिसऱ्यात सूचना. जिथं रस्ताच नसतो तिथं होकायंत्राचा आकडा, म्हणजे अमुक अंशांवर सरळ जा. मोबाइलचा नकाशा बंद. धोका असेल तिथं उद्गारचिन्ह. एक म्हणजे सांभाळून. दोन म्हणजे हळू. तीन म्हणजे जवळपास थांबाच.

त्यात गंमत अशी, की मीटरवरचं अंतर आणि रोडबुकातलं अंतर नेहमी जुळतंच असं नाही. म्हणजे मीटर म्हणतो साडेबारा, तुम्ही असता बारावर. मग खुणेचं झाड किंवा विहीर दिसली की आकडा दुरुस्त करायचा. नाही केला, तर पुढची सगळी वळणं चुकतात.

सरावाला रोडबुक हवं होतं. ते कोण काढणार? मी वही-पेन घेऊन बसलो. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. सुमारे १४० किलोमीटर. पण हमरस्ता नको, आजूबाजूच्या गाडीवाटा, पाणंद, तलावाचे बांध हवेत. पहिल्याच पानावर अडलो. बाबा पेपर वाचत होते. चष्मा वर करून म्हणाले, "लोह्याच्या अलीकडं नाला राहिला तुझा."

मी वही त्यांच्याकडे सरकवली.

दोन दिवस ते वहीत होते. कुठली वाट पावसाळ्यात बंद, कुठं चढाआड बैलगाडी उभी असते, कुठल्या बांधावर गुरं बसतात. रस्ता चौपदरी झाला, त्यांच्या निम्म्या खुणा पुसल्या गेल्या. मग त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना आणि मामांना फोन लावून उरलेल्या विचारून घेतल्या. रॅलीला मात्र होकार नाहीच. "जायचं का नाही ते तुझं तू बघ. पण वही चुकीची नको," एवढंच.

ती वही डबीत बसेल अशी कापून, चिकटवून गुंडाळी केली आणि निघालो. पहिल्या दिवशी अहमदपूरच्या डोंगरात दोनदा हरवलो. एक आजोबा म्हणाले, "काय हुडकूलालास बाबा?" मी म्हटलं, रस्ता. त्यांनी आधी पाणी पाजलं, मग रस्ता दाखवला. लातुरात गंजगोलाईला पोचलो. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात! एरवी लहानपणापासून पाहिलेली जागा, पण होकायंत्रावर नेमका रस्ता पकडताना तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला फळवाल्यानं विचारलंच, "साहेब, कोण हुकलंय का?"

असे दिवस चांगले चालले होते. मग नववा दिवस.

मांजरेच्या पात्रात मी पहिल्यांदाच नीट उभा राहून चालवत होतो. वजन मागे, गॅस उघडा, हॅंडल सैल. वाळूत बाइक थोडी डुलते, तिला डुलू द्यायचं असतं. ते जमलं आणि मी खुशीत आलो. अंगठ्यानं बटण दाबलं, जरा जास्तच दाबलं. एक ओळ न वाचताच वर गेली. पुढे वाळू उपसून केलेला खड्डा होता. पुरुषभर खोल.

बाइक डाव्या पायावर पडली. सायलेन्सर पोटरीला. फोन मामांच्या ओट्यावर, कारण मी शिस्तीचा ना! ओरडून पाहिलं. वीस मिनिटं तरी गेली असतील. मग काठावर एक शेळी दिसली, तिच्या मागून दहा-अकरा वर्षांचा पोरगा. त्यानं काही विचारलं नाही. उतरला आणि हातांनी पायाखालची वाळू उकरायला लागला.

हाड वाचलं. संध्याकाळी गुंडाळी मागे फिरवली. सुटलेल्या ओळीत बाबांचं अक्षर. "पात्रात उपशाचे खड्डे." पुढे तीन उद्गारचिन्हं.

पोटरीवरचं बॅंडेज लपणार थोडंच? आई रडली. बाबा गप्प. म्हणून मीच सगळं सांगायचं ठरवलं. २०२१च्या डाकारमध्ये संतोष पडला, तेव्हा डोक्याला इतका मार होता की डॉक्टरांनी त्याला औषधानं बेशुद्ध ठेवलं होतं. तो वाचला. त्याआधी, २०१६ मध्ये पोर्तुगालचा पाऊलो गोन्साल्विस शर्यत सोडून जखमी मातियास वॉकनरपाशी थांबला होता. तिथं नियमच आहे, पडलेल्यापाशी थांबलात तर तेवढा वेळ तुम्हाला परत मिळतो. हाच गोन्साल्विस २०२०च्या रॅलीत पडला आणि गेला. दोन्ही गोष्टी सांगितल्या. एक लपवून दुसरी सांगणं म्हणजे ब्रोशर झालं असतं.

बाबांनी बऱ्याच वेळानं विचारलं, "थांबणाऱ्याचा वेळ कापत नाहीत?"

"नाही."

"आमच्यातबी तसंच होतं. एसटीवाला एसटीवाल्याला रस्त्यात सोडून जात नाही. लेट झाला तर झाला." मग म्हणाले, "आणि त्या शेळ्यावाल्या पोराचं काय केलंस?"

मी गप्प. थॅंक्यू म्हटलं होतं, बस. दुसऱ्या दिवशी दोघंही त्याच्या घरी गेलो. बाबांनी त्याच्या आजीशी तासभर गप्पा मारल्या.

सध्या पाय बरा आहे आणि मी पुन्हा ऑफिसच्या एसीत आहे. लंच अवरला जिममध्ये अर्धा तास नुसता गुडघे वाकवून उभा राहतो, लोक हसतात. रात्री एक तास रोडबुक वाचतो, अगदी सावकाश, एकही ओळ न सोडता. नव्या मॅनेजरच्या मेलसुद्धा मी आता शेवटपर्यंत वाचतो, हा साइड इफेक्ट!

परवा रॅलीचा फॉर्म भरला. वैद्यकीय दाखला, लायसन्स, विमा, रक्तगट. एका रकान्यात विचारलंय, काही झालं तर कुणाला कळवायचं? तिथं बराच वेळ कर्सर लुकलुकत होता. शेवटी बाबांना फोन केला. म्हटलं, तुमचा नंबर टाकू का?

"टाक की. दुसऱ्या कुणाचा टाकणार?"

अजून त्यांनी 'जा' म्हटलेलं नाही. पण काल कुरियर आलं. आत तीच वही, नवी पानं. लातूर ते नांदेड, उलट्या दिशेनं. सगळी वळणं, सगळे नाले, जिथं हवीत तिथं उद्गारचिन्हं. सोबत चिठ्ठी होती.

"जायची वाट तुला पाठ झाली. ही यायची."