समुपदेशक येईल, पण वर्गातली जात कोण ओळखणार?

विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २५ जुलै २०२५ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने तपास सीबीआयकडे दिला. त्याच निकालात देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. संबंधित कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. बातम्यांमध्ये मात्र त्यातले दोनच मुद्दे गाजले: कोचिंग क्लासेसवरचे नियंत्रण आणि वसतिगृहातले पंखे. त्यामुळे हा विषय कोटा, हैदराबाद, लातूरच्या क्लासेसचा आहे, आपल्या वस्तीतल्या आठवीतल्या मुलीशी त्याचा संबंध नाही, असा समज झाला.

प्रत्यक्षात ही तत्त्वे शाळांनाही लागू आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक पट असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडायच्या नाहीत, सर्वांसमोर पाणउतारा करायचा नाही. शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचे, आणि त्यात अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, दिव्यांग अशा मुलांशी संवेदनशीलतेने व भेदभाव न करता कसे वागायचे हेही असले पाहिजे. जात, वर्ग, लिंग, धर्म, दिव्यांगत्व यांवरून होणाऱ्या छळाची तक्रार गुप्तपणे करता येईल अशी यंत्रणा हवी. आमच्या दृष्टीने निकालाचा गाभा इथे आहे, आणि नेमकी याचीच चर्चा सर्वात कमी झाली.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यात १,७६४ महाराष्ट्रातल्या होत्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. कारणांच्या रकान्यात परीक्षेतले अपयश, कौटुंबिक कलह, आजार असे पर्याय आहेत. जातीय अपमान हा रकाना नाही, आणि मृत विद्यार्थ्याची जातही या अहवालातून कळत नाही. जे मोजलेच जात नाही त्यावर धोरण कसे आखणार?

वस्त्यांमध्ये, विहाराच्या अभ्यासिकांमध्ये मुलांसोबत काम करताना आम्हाला दिसते ते सहसा मोठे, बातमी होईल असे नसते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात तेव्हा भर वर्गात ‘एससीवाले उभे राहा’ असे सांगितले जाते. त्या एका मिनिटात वर्गाची विभागणी होते. पुढे वर्षभर ‘तुम्हाला काय, सरकार देतंय’ हे ऐकावे लागते. नवी मुलगी आडनाव सांगते आणि त्यावरून कुणाचा तर्क लागला नाही, तर ‘गाव कोणतं?’, ‘देव कोणता?’ असे प्रश्न येतात. घरी बुद्धमूर्ती आहे असे सांगितले की पुढचे प्रश्न थांबतात, आणि कधी कधी डबा वाटून खाणेही. पंचवीस टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत गेलेल्या मुलांची ओळख त्यांच्या नावाने नव्हे, तर ‘आरटीईवाले’ म्हणून होते. सहलीचे पैसे भरता आले नाहीत की ती मुले त्या दिवशी घरी असतात आणि दुसऱ्या दिवशी फोटो पाहतात.

यातल्या कोणत्याही एका घटनेवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल होणार नाही. पण त्या साठत जातात. मग मुलाचे पोट दुखू लागते, सोमवारी ताप येतो, वर्गात हात वर करणे बंद होते. नववीपर्यंत पहिल्या पाचात असलेली मुलगी ‘मला नाही शिकायचं’ म्हणते. घरचे मोबाइलला दोष देतात, शिक्षक घरच्यांना. डॉक्टर टॉनिक लिहून देतात.

आता अशा शाळेत समुपदेशक आला असे समजू. जातीचा अनुभव समजून घेण्याचे प्रशिक्षण त्याला नसेल तर तो काय सांगेल? ‘तू लक्ष देऊ नकोस’, ‘आत्मविश्वास वाढव’, ‘दीर्घ श्वास घे’. श्वासावर लक्ष ठेवण्याबद्दल आमची तक्रार असण्याचे कारण नाही, आनापानसती आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. पण अपमान करणारा वर्ग जसाच्या तसा ठेवून अपमान सोसणाऱ्यालाच श्वास मोजायला लावणे ही मदत नाही. प्रश्न वर्गात आहे आणि उपचार मुलावर, अशी ती उलटी रचना आहे.

उच्च शिक्षणात निदान या प्रश्नाचे नाव घेतले गेले आहे. रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्या मातांनी सर्वोच्च न्यायालयात लढा दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेविषयीचे नियम होतेच. जानेवारी २०२६ मध्ये नवे नियम आले, त्यांना विरोध झाला आणि त्याच महिन्यात न्यायालयाने स्थगिती देऊन तूर्त २०१२ चेच नियम चालू ठेवले. वाद काहीही असो, तिथे किमान एक चौकट आहे. शाळांसाठी काय आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होऊ नये, ही जबाबदारी कलम ८ आणि ९ ने सरकार व स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. पण भेदभाव झाला तर शाळेत कोणाकडे जायचे, किती दिवसांत निर्णय व्हायचा, हे सातवीतल्या मुलाला कळेल अशा रीतीने कुठेही लिहिलेले नाही.

तमिळनाडूने याबाबत एक पाऊल टाकले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे बारावीच्या दलित विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बहिणीवर शाळेतल्याच मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. त्याने आधी शाळेत छळाची तक्रार केली होती. त्यानंतर राज्य सरकारने निवृत्त न्या. के. चंद्रू यांची एकसदस्यीय समिती नेमली आणि जून २०२४ मध्ये अहवाल आला. जात दाखवणारे रंगीत मनगटपट्टे व टिळे बंद करा, शाळांच्या नावांतली जात काढा, हजेरीपटावर जातीचा उल्लेख नको, मोठ्या शाळांत कल्याण अधिकारी नेमा, अशा शिफारशी त्यात आहेत. अंमलबजावणीवर टीका होईल, व्हावीही. पण ‘शाळेत जात आहे’ हे सरकारी कागदावर मान्य झाले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव प्रत्येक भाषणात घेणाऱ्या आपल्या राज्याने अशी समिती नेमायला काय हरकत आहे? बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी निबंध होतात, भाषणे होतात, गोणपाटावर बसलेल्या भिवाची गोष्ट सांगितली जाते. ती नेहमी भूतकाळात सांगितली जाते, एवढीच अडचण आहे.

निकालातली शंभर पटाची अटही तपासून पाहायला हवी. वाडी-वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या हजारो शाळांचा पट वीसच्याही आत आहे. तिथे समुपदेशक येणार नाही. अशा संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी, असे न्यायालय म्हणते. दोनशिक्षकी शाळेतले गुरुजी तालुक्याला कोणाला फोन करणार, हे केंद्रप्रमुखाच्या पातळीवर ठरले नाही तर ती तरतूद कागदावर राहील. एका केंद्रातल्या सगळ्या शाळांसाठी मिळून एक व्यक्ती नेमणे अशक्य नाही. निकालात ‘सामाजिक कार्यकर्ता’ हा शब्द आहे, आणि एमएसडब्ल्यू होऊन सहा-आठ हजारांच्या कंत्राटी कामावर दिवस काढणारी आपल्या समाजातली मुले-मुली कमी नाहीत. आम्ही याच क्षेत्रातले, त्यामुळे यात आमचा स्वार्थ कुणाला दिसला तर दिसू द्या.

बोट फक्त शाळेकडे दाखवून चालणार नाही. आपल्या गुणगौरव सोहळ्यांच्या फ्लेक्सवर नव्वद टक्क्यांच्या वरचे चेहरे असतात. पंचावन्न टक्के मिळवून आयटीआयला गेलेला, बारावीत एक विषय राहिलेला मुलगा त्या दिवशी विहाराकडे फिरकतही नाही. ‘शिका’ या शब्दाचा अर्थ ‘कलेक्टर व्हा’ असा कधी झाला, कळले नाही. पहिल्या पिढीतल्या मुलाच्या खांद्यावर अख्ख्या समाजाचे ओझे टाकायचे आणि तो वाकला की ‘बाबासाहेब दिव्याखाली शिकले’ हे ऐकवायचे, हे थांबायला हवे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व असते. आपल्यातले किती पालक त्या बैठकीला जातात? बहुतेक ठिकाणी सहीचे रजिस्टर घरी येते. पुढच्या बैठकीला जा आणि तीन गोष्टी लेखी मागा: समुपदेशक किंवा जोडलेल्या तज्ज्ञाचे नाव, छळाची तक्रार ऐकणाऱ्या समितीतील सदस्यांची नावे, आणि शिष्यवृत्तीची माहिती भर वर्गात न पुकारता पालकांना स्वतंत्रपणे देण्याचा ठराव. तिसऱ्या गोष्टीला एक रुपयाही खर्च नाही.

टेलिमानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. अभ्यासिकेच्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, मुलांच्या उंचीवर.