रझाकार, बांगलादेशी आणि आपण

मराठवाड्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हांला 'रझाकार' या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. तो आज्यांच्या तोंडून आमच्यापर्यंत आला आहे. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीच्या रात्री, गाव सोडून गेलेली माणसे, सारे त्यात साठलेले. म्हणूनच १४ जुलै २०२४ च्या रात्री ढाका विद्यापीठातील विद्यार्थी स्वतःलाच रझाकार म्हणवत रस्त्यावर आले, तेव्हा आम्ही चपापलो.

मुळात या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालमध्ये उभारलेल्या साहाय्यक दलाचे ते नाव होते, आणि तेथेही ते शिवीच ठरले. मग तरुणांनी ते का पांघरावे? मुक्तियोद्ध्यांच्या वंशजांना सरकारी नोकऱ्यांत असलेल्या ३० टक्के आरक्षणाविरुद्ध ते आंदोलन होते. त्यांना सवलत द्यायची नाही तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायची, असा सवाल पंतप्रधान शेख हसीना यांनी केला होता. विद्यार्थ्यांनी तो शब्द उपहासाने झेलला. मुक्तिसंग्रामाची स्मृती सत्तेने वडिलार्जित इस्टेटीसारखी वापरली, की तिसरी पिढी त्या स्मृतीलाच पाठ फिरवते. त्या पावसाळ्यात सुमारे १४०० माणसे मारली गेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज आहे. ५ ऑगस्टला हसीना भारतात आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये धानमंडीतील मुजीबुर रहमान यांचे घर जमावाने पाडले. ते कृत्य आम्हांला निंद्यच वाटते. पण ते केवळ परकीयांच्या चिथावणीने घडले, हे आपल्याकडील स्पष्टीकरण फार सोयीचे आहे.

दिल्लीने एका राष्ट्राशी मैत्री केली, असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात ती एका पक्षाशी, बव्हंशी एका घराण्याशी होती. २०१५ चा सीमा करार हे त्या मैत्रीचे खरे भूषण. त्याने १६२ वेढलेल्या वस्त्यांतील माणसांना अखेर देश मिळाला. पण तीस्तेच्या पाण्याचा करार २०११ मध्ये अडला तो अडलाच. आणि कांद्याची निर्यात आपण २०१९, २०२० आणि २०२३ मध्ये अशी अचानक रोखली, की नाशिकचा शेतकरी आणि ढाक्याची गृहिणी एकाच वेळी हवालदिल व्हावीत. (एकाच निर्णयाने दोन देशांत रडू आणणारे पीक दुसरे कोणते असेल?) १९७१ चे उपकार हे कर्ज नव्हे, की दर निवडणुकीला त्याचे व्याज मागावे.

दोष एकाच बाजूचा आहे, असे म्हणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. हसीना गेल्यानंतर तेथील हिंदूंच्या घरांवर, देवळांवर हल्ले झाले. ते सारे राजकीय सूडातूनच झाले, असे म्हणून ढाक्याला हात झटकता येणार नाहीत. आणि डिसेंबर २०२४ मध्ये आगरताळ्यात बांगलादेशच्या साहाय्यक उच्चायुक्तालयात आपला जमाव घुसला, हेही आपल्याला विसरता येणार नाही.

भाषेचे शिक्षक म्हणून आम्हांला अधिक बोचते ते आपल्या बोलण्यात झालेले एक स्थित्यंतर. 'बांगलादेशी' हे एका राष्ट्राच्या नागरिकाचे नाव. आपल्या वर्तमानपत्रांत, चौकांत, प्रचारसभांत ते आरोपाचे नाव झाले आहे. जून २०२५ मध्ये मिरा रोड परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या मजुराला सीमेपलीकडे ढकलण्यात आले. तो भारतीय असल्याचे त्याच्या राज्याने दाखवून दिल्यावर परत आणावे लागले. बांगला बोलणारा, गरीब आणि मुसलमान, एवढे संशयाला पुरेसे ठरले. याच भाषेसाठी २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या, आणि तो दिवस आपल्या महाविद्यालयांत मातृभाषा दिन म्हणून फलक रंगवून साजरा होतो.

बेकायदा स्थलांतराचा प्रश्न खोटा आहे, असे नव्हे. तो कागदपत्रे तपासून, न्यायालयासमोर सोडवावा. उच्चारावरून माणूस ओळखून नव्हे. हे आम्ही गेल्या वर्षी वर्गात मांडत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण सर, बांगला बोलतो म्हणजे बांगलादेशीच ना?" विचारणारा मुलगा हुशार आहे, मनाने चांगला आहे. रझाकारांच्या भीतीने आपल्या पणजीने रातोरात गाव सोडले आणि संस्थानाच्या हद्दीपलीकडे छावणीत दिवस काढले, हे त्यानेच मागे एका निबंधात लिहिले होते.