पैसा कोठून आला?

आपल्या पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वैभवाच्या पायांत औषधाचा एक मोठा दगड आहे, हें विद्यार्थिमित्रांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढें त्यांतून पेनिसिलिन बाहेर पडूं लागलें. ज्या जखमांनीं व तापांनीं पूर्वी माणसें दगावत, त्यांवरील उपाय आपल्याच वेशीवर तयार होऊं लागला.

याच पट्ट्यांत, चाकणजवळ, २०२० च्या ऑक्टोबरांत पोलिसांनीं २० किलो मेफेड्रोन पकडलें. रांजणगांवच्या एका कारखान्यांत तें तयार झाल्याचें तपासांत पुढें आलें. २०२४ च्या फेब्रुवारींत दौंड तालुक्यांतील कुरकुंभ येथें तर या मादक द्रव्याचा शेंकडों किलोंचा सांठा रसायनाच्या कारखान्यांतूनच जप्त झाला. औषध आणि विष इतके जवळचे शेजारी कसे झाले, हा प्रश्न सुजाण पालकांस पडल्यावांचून राहणार नाहीं.

कोकेनचा इतिहास पाहिला असतां याचा उलगडा होतो. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांतील लोक कोकाचीं पानें शतकानुशतकें चघळीत आले. १८६० च्या सुमारास अल्बर्ट नीमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें त्या पानांतील सत्त्व वेगळें केलें. १८८४ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनीं दाखवून दिलें कीं, त्याचे थेंब डोळ्यांत घातले असतां रोगी जागा असूनही त्याच्या डोळ्यावर वेदनेशिवाय शस्त्रक्रिया करतां येते. केवढें हें वरदान! परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं तेंच कोकेन आगबोटींतून चोरून मुंबईस येऊं लागलें आणि विड्याच्या पानांत घालून विकलें जाऊं लागलें. त्याला आळा घालण्यासाठीं १९३० सालीं व पुन्हा १९८५ सालीं कायदे झाले. २०१५ सालीं मेफेड्रोनही कायद्याच्या कक्षेंत आलें. आज ५० ग्रॅमांहून अधिक मेफेड्रोन बाळगल्याचा गुन्हा शाबीत झाल्यास निदान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे.

कायदा हवाच, परंतु माझ्या मतें तो फार उशिरां पोहोंचतो. कोकेनला निदान शेत लागतें. मेफेड्रोनला लागतें तें रसायन, भांडें आणि रसायनशास्त्र जाणणारा एक माणूस. हा माणूस कोणत्या तरी शाळेंतूनच बाहेर पडलेला असतो. मी वीस वर्षें फळ्यावर सूत्रें लिहीत आलों. उत्तर बरोबर आलें कीं पूर्ण गुण देतों. या विद्येचें पुढें काय करशील, हें मीं क्वचितच विचारलें. हा दोष मी पदरीं घेतों.

घरींही असेंच घडतें. मुलास नोकरी लागून सहा महिने होत नाहींत तों दारांत नवी मोटार उभी राहते. आई ओंवाळते, शेजारी पेढे मागतात, पण "बाळ, एवढा पैसा कोठून आला?" असें वडील विचारीत नाहींत. विचारल्यानें अविश्वास दिसेल, अशी त्यांस भीति वाटते. वस्तुतः असें विचारण्यांतच माया आहे.

ज्याचें पाऊल व्यसनांत अडकलेंच असेल, त्यास घराबाहेर घालवूं नये. तो रोगी आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुण्यांत १९८६ पासून मुक्तांगण हें केंद्र हेंच कार्य करीत आहे; १४४४६ या क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य सल्लाही मिळतो.

विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्यापैकीं कित्येकजण याच पट्ट्यांतील कारखान्यांत उभे राहाल. एखादे वेळीं कोणी दुप्पट पगार देऊं करील आणि "काय बनतें तें विचारूं नकोस" असें बजावील. त्या वेळीं अवश्य विचारा. उत्तर न मिळाल्यास सरळ घरची वाट धरा. आणि आईबापांनीं, रिकाम्या हातीं परतलेल्या त्या मुलास आनंदानें घरांत घ्यावें.