पालकांनीं बाकावर बसूं नये

सुटी जवळ आली कीं असोद्यासारख्या गांवांतून आणि जळगांवच्या पेठांतूनही एक संवाद घरोघर ऐकूं येतो. मुलगा म्हणतो, "खोपोलीचें तें मोठें थीम पार्क मला पाहावयाचें आहे." आई म्हणते, "जा कीं शाळेच्या सहलीबरोबर." वडील त्यांत भर घालतात, "आम्ही तेथें येऊन काय करणार? ती मुलांची जागा." हें उत्तर मायेनें दिलेलें असतें, काटकसरीनें दिलेलें असतें, आणि बहुतेकांस तें शहाणपणाचेंही वाटतें. आमचें मत याच्या उलट आहे. अशा ठिकाणीं मुलाचें पहिलें जाणें आईबापांपैकीं एकाच्या तरी सोबतीनें व्हावें, आणि त्या सोबत्यानें आंत गेल्यावर बाकावर न बसतां मुलाच्या शेजारीं पाळण्यांत बसावें, असें आम्हांस वाटतें. त्याचीं कारणें येथें मांडितों.

थीम पार्क हें नांव नवें असलें तरी वस्तु अगदींच अपरिचित नाहीं. दत्तजयंतीस तापीकाठीं सारंगखेड्याची यात्रा भरते; वैशाखांत अमळनेरास बोरी नदीच्या पात्रांत सखाराम महाराजांची यात्रा भरते. यात्रा म्हटली कीं पाळणे आले, चक्री आली, 'मौत का कुआँ' आला. हीच यात्रा कोणी एके ठिकाणीं कायमची उभारली, तिच्याभोंवतीं कुंपण घातलें, दारांत एकच तिकीट ठेविलें आणि प्रत्येक खेळास एखाद्या कथेचा पोशाख चढविला, म्हणजे थीम पार्क झालें. मुंबईनजीक गोराईस १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड निघालें. रायगड जिल्ह्यांत खोपोलीजवळ २०१३ सालीं इमॅजिका निघालें, आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं आज बहुधा त्याचेंच नांव असतें. मुंबईच्या कित्येक आईबापांनीं आपल्या लहानपणीं होडींतून खाडी ओलांडून गोराई पाहिलेली आहे. आमच्या भागांतील पुष्कळशा आईबापांनीं यांपैकीं कांहींच पाहिलेलें नाहीं. म्हणून येथें पहिली भेट एकट्या मुलाची नसते. ती दोघांची असते. आमच्या सगळ्या म्हणण्याचा पाया हाच आहे.

आपल्या भाषेंत या खेळास पाळणा म्हणतात, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. तान्ह्या मुलास निजवितात तोही पाळणा, आणि यात्रेंत आभाळाकडे झेपावतो तोही पाळणाच. अमेरिकेंत शिकागो शहरीं १८९३ सालीं मोठें जागतिक प्रदर्शन भरलें होतें. त्याच वर्षीं, त्याच शहरीं स्वामी विवेकानंदांचें सर्वधर्मपरिषदेंतील भाषण झालें. त्या प्रदर्शनासाठीं जॉर्ज फेरिस या अभियंत्यानें पोलादाचा एक प्रचंड आकाशपाळणा उभारिला. तो २६४ फूट उंच होता. त्यास ३६ डबे असून प्रत्येक डब्यांत ६० माणसें मावत. म्हणजे एका वेळीं २१६० माणसें आभाळांत! घरच्या पाळण्याची दोरी आई ओढते आणि मूल आंत एकटें असतें. हा दुसरा पाळणा असा आहे कीं त्यांत आईसही मुलाबरोबर बसतां येतें. ही संधि तिनें कां दवडावी?

आजच्या थीम पार्कांचा जो नमुना समजला जातो, तें डिस्नेलँड कॅलिफोर्नियांत १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. त्याचे कर्ते वॉल्ट डिस्ने यांनीं त्याच्या उगमाची हकीकत पुढें स्वतःच सांगितली आहे. त्यांस दोन मुली होत्या. सुटीच्या दिवशीं ते त्यांस घेऊन बागेंत जात. मुली फिरत्या घोड्यांवर बसत, आणि वडील बाकावर एकटेच शेंगदाणे खात बसून राहत. तेथें बसल्या बसल्या त्यांच्या मनांत आलें कीं, आईबाप आणि मुलें यांस एकत्र मौज करितां येईल असें एखादें ठिकाण कां नसावें? म्हणजे ही कल्पनाच मुळीं बाकाचा कंटाळा आलेल्या एका बापाची आहे.

आणि आज अशा ठिकाणीं दृश्य काय दिसतें? मुलें रांगेंत उभीं. झाडाच्या सावलींत बाकांवर आया बसलेल्या, मांडीवर पिशव्या, पायांशीं मुलांच्या चपलांचा ढीग. वडील थोडे दूर, हातांत पाण्याची बाटली आणि नजर उंच चढणाऱ्या गाडीकडे. त्या नजरेंत काळजी असते, कौतुक असतें, आणि नीट पाहिल्यास थोडी इच्छाही असते. बरें, या मंडळींनीं दारांत तिकीट घेतलेलेंच असतें. इतके पैसे मोजून आंत यावयाचें आणि चपला राखीत बसावयाचें, हा व्यवहार आमच्या काटकसरी खानदेशास शोभत नाहीं.

पैशाचा प्रश्न खरा आहे व तो टाळण्यासारखा नाहीं. कापूस किंवा केळी विकून जो पैसा हातीं येतो, त्याच्यामागें घरांतील सर्वांची वर्षाची मेहनत असते. बियाणें, खत, मजुरी, औषधपाणी आणि शाळेचा खर्च त्यांतूनच भागवावयाचा असतो. एका दिवसाच्या मौजेसाठीं कर्ज काढावें, असें आम्ही कोणासही सांगणार नाहीं. आणि ज्या वर्षीं भाव पडला त्या वर्षीं "यंदां नाहीं" हें उत्तर मुलानें रुसवा न धरतां ऐकावें. परंतु पैसे थोडे आहेत म्हणून मुलास एकट्यास पाठवावें, हा निष्कर्ष आम्हांस पटत नाहीं. त्यापेक्षां त्याच्यासह यात्रेच्या पाळण्यांत बसलेलें बरें. यात्रेंत नदीच्या वाळूंत बसून घरची भाकरी व ठेचा खातां येतो. थीम पार्कांत बाहेरचें अन्न बहुधा नेऊं देत नाहींत. यात्रेंत आजीसही तिकिटावांचून मनसोक्त हिंडतां येतें. थीम पार्कांत नुसतें पाहणाऱ्यासही दाम मोजावे लागतात. जागा कोणती हा प्रश्न दुय्यम आहे. शेजारीं कोण बसलें हा मुख्य आहे.

दुसरी अडचण वयाची आणि भीतीची. "या वयांत पाळण्यांत बसलों तर लोक हंसतील," असें पुष्कळ पालक म्हणतात. तेथें हंसावयास रिकामे लोक नसतात. जो तो आपल्याच आरोळींत गुंतलेला असतो. राहिली भीति. तिच्यावर ज्ञान हा चांगला उतारा आहे. रोलर कोस्टर म्हणून जी गाडी सर्वांत भयंकर वाटते, तींत बहुधा इंजिन नसतें. साखळीनें ओढून ती एकदां उंचावर नेतात; तेथून पुढें ती आपल्याच वजनानें धांवते. दोर हातून सुटला कीं पोहरा विहिरींत सरसर खालीं जातो, त्यांतलाच हा प्रकार. ४० मीटर उंचीवरून सुटलेली गाडी, घर्षण सोडून दिल्यास, तळाशीं ताशीं सुमारें १०० किलोमीटर वेग घेते, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यास वहींत गणित मांडून काढतां येईल. उतरतांना पोटांत गोळा येतो याचें कारण असें कीं, शरीर आणि खालची बैठक हीं दोन्हीं एकदमच खालीं येऊं लागतात. बैठक शरीरास नेहमींसारखा आधार देत नाहीं, आणि क्षणभर वजन नाहींसें झाल्यासारखें वाटतें. हें सर्व मुलानें रांगेंत उभ्या उभ्या आईस समजावून सांगावें. शाळेंतील विज्ञानाचा याहून चांगला उपयोग क्वचितच होत असेल.

तथापि धाडसाचा अतिरेक नको. हृदयविकार, रक्तदाब, पाठीचें किंवा मानेचें दुखणें असणाऱ्यांनीं व गर्भवती स्त्रियांनीं जोराच्या खेळांत बसूं नये, अशा सूचनांच्या पाट्या तेथें असतात. त्या मुलानें मोठ्यानें वाचून दाखवाव्या, आणि आईबापांनीं त्या पाळाव्या. ज्यांस ती गाडी वर्ज्य आहे त्यांच्यासाठीं फिरते घोडे आहेत, संथ होड्या आहेत. पाण्याच्या उद्यानांत नायलॉनचा पोशाख घालावा लागतो आणि आमच्याकडील पुष्कळ आयांस तो संकोचाचा वाटतो. तेथें आग्रह करूं नये, कोरडें उद्यान निवडावें. पहिला खेळ कोणता हें पालकानें ठरवावें. ज्यास भीति अधिक त्याच्या पावलानें दोघांनीं चालावें, हीच सोबतीची रीत आहे.

अशा सोबतींत काय घडूं शकतें याचें एक उदाहरण देतों. इमॅजिकांतील एका जलसफरीस राजासॉरस या प्राण्याचें नांव दिलेलें आहे. हा कोणी कल्पित राक्षस नव्हे. गुजरातेंत राहिओली येथें त्याचीं हाडें सांपडलीं, आणि २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं त्यास 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असें नांव दिलें. साडेसहा कोटि वर्षांहूनही पूर्वींचा तो प्राणी. साधारणपणें त्याच सुमारास दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले, आणि त्या खडकाची झीज होऊन आमच्या शेतांतील काळी माती झाली. होडींत बसून मुलगा हें पुस्तकांतलें सांगेल. आणि ज्यानें ती माती जन्मभर नांगरली तो बाप सांगेल कीं, ती चैत्र-वैशाखांत किती खोल भेगाळते आणि मृगाच्या पावसांत कशी फुगून येते. दोघांचें ज्ञान एकाच मातीचें. एक होडींत आणि एक बाकावर असता तर हें बोलणें झालेंच नसतें.

आतांपर्यंत आम्ही पालकांशीं बोललों. विद्यार्थ्यांनो, आतां दोन शब्द तुमच्याशीं. गांवांत तुमचे वडील सर्व कांहीं जाणतात. बैल कोणता घ्यावा, पंप कां बंद पडला, आभाळ बरसेल कीं नुसतेंच गडगडेल, हें लोक त्यांस विचारावयास येतात. थीम पार्काच्या दारांत मात्र तेच गोंधळून उभे राहतात. मनगटास पट्टी कां बांधतात, सामान कोणत्या कपाटांत ठेवावयाचें, इंग्रजी नकाशा कसा वाचावयाचा, रांग कोठून सुरू होते, हें त्यांस ठाऊक नसतें. आपले वडील असे अडखळलेले तुम्ही कदाचित् प्रथमच पाहाल. त्या क्षणीं तुमच्यापुढें दोन वाटा असतात. एक, चार पावलें पुढें निघून जावयाचें, आणि त्यांनीं आपल्या बोलींत मोठ्यानें कांहीं विचारलें कीं "हळू बोला ना" म्हणून डोळे वटारावयाचे. दुसरी, त्यांचा हात धरून, "बाबा, इकडून," असें म्हणावयाचें. शाळेनें तुम्हांस जें कांहीं शिकविलें त्याची परीक्षा त्या दारांत होते. आणि तिचे गुण कोणत्याही प्रगतिपुस्तकांत लिहिले जात नाहींत.

असोद्याच्या मुलांस तर याचें उदाहरण दूर शोधावयास नको. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालीं असोद्यासच झाला. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. घरकाम आणि शेतकाम करतां करतां त्या आपल्या बोलींत ओव्या रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव शिकले, स्वतः कवि म्हणून नांवारूपास आले. परंतु आईच्या बोलीची त्यांस लाज वाटली नाहीं. त्यांनीं व त्यांच्या एका आप्तानें त्या ओव्या लिहून ठेविल्या. बहिणाबाई १९५१ सालीं निवर्तल्या आणि १९५२ सालीं त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं. शिकलेल्या मुलानें न शिकलेल्या आईचा शब्द कान देऊन ऐकला, म्हणून महाराष्ट्रास तें धन मिळालें. तुमची आई आकाशपाळण्याच्या टोकावर जें उद्गारेल तें कोठें छापलें जाणार नाहीं कदाचित्. पण तें ऐकावयास शेजारीं तुम्ही असावें.

शाळांसही आमची एक सूचना आहे. सहली आज मुलांच्याच निघतात, आणि त्या तशा निघाव्यातही. परंतु वर्षांतून एखादी सहल अशी काढावी कीं तींत प्रत्येक मुलाबरोबर घरांतील एक वडील माणूस असेल. आई, वडील, आजोबा, मोठी बहीण, कोणीही चालेल. स्थळ खोपोलीच असावें असें नाहीं. ज्यांस तो खर्च पेलत नाहीं अशांच्या शाळेनें जवळची यात्रा निवडावी. आणि जेथें खोपोलीस जाणें शक्य असेल तेथें, जळगांवाहून कल्याण आणि पुढें कर्जतवरून खोपोली, हा रात्रभराचा आगगाडीचा प्रवासही फुकट जाणार नाहीं. शेती, परीक्षा आणि घरकाम यांच्या धांदलींत ज्या गोष्टी बोलावयाच्या राहून जातात, त्या अशा प्रवासांत आपोआप निघतात.

मुलें लवकर मोठीं होतात. आणखी चार वर्षांनीं हींच मुलें मित्रांबरोबर जातील, आणि तें योग्यच आहे. तेव्हां आईबापांनीं बरोबर यावें असें कोणी म्हणणार नाहीं. आज मात्र रांगेंतून एक हात वर होऊन "आई, तूंही ये ना," अशी हांक येत आहे. हांक येत आहे तोंवरच बाकावरून उठावें.